चालू हायवेवर काम करताना मजुरांना सुरक्षित कसं ठेवायचं?

प्रश्न एका साइट इंजिनिअरचा आहे. पुणे-कोल्हापूर पट्ट्यात चौपदरी हायवेवर डांबरीकरण चालू आहे, एक लेन बंद करून दुसरीतून ट्रॅफिक सोडतात. त्यांचं म्हणणं, सगळ्यांना जॅकेट दिलंय, हेल्मेट दिलंय, कोन लावलेत, एक झेंडीवाला उभा केलाय, तरी अधूनमधून एखादी गाडी कोन उडवत आत येतेच, मजूर घाबरलेत, आता अजून काय करायचं?

मी बरीच वर्षं रस्त्याच्याच कामात आहे, आधी साइट इंजिनिअर आणि नंतर सेफ्टीमध्ये. उत्तर लांब होईल, पण विषय माणसांच्या जिवाचा आहे म्हणून सगळंच लिहितो.

सगळ्यात आधी, गाडी आत येणार हे धरूनच मांडणी करा. "ड्रायव्हरला दिसेल, तो बघून घेईल" या भरवशावर काहीच ठेवू नका. हिशोब साधा आहे, ताशी ८० च्या स्पीडला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस, रस्त्यांचे मानक ठरवणारी संस्था) हिशोबाने या स्पीडला समोरचं दिसल्यापासून गाडी थांबेपर्यंत १२० मीटर लागतात, १०० च्या स्पीडला १८० मीटर, आणि ते पण ड्रायव्हर जागा असेल, रस्त्याकडे बघत असेल आणि ब्रेक-टायर बरे असतील तर. दोन सेकंद मोबाईलमध्ये बघितलं की १०० वाला ५५ मीटर आंधळाच आला. त्यामुळे तुमचा मजूर वाचणार तो अंतराने, मध्ये उभ्या केलेल्या वजनाने आणि वेळ निवडण्याने. जॅकेट आणि हेल्मेट हे सगळं करून झाल्यावर.

अंतराचं बोलू. आयआरसी एसपी ५५ ही गाईडलाईन आहे, २०१४ ला सुधारून आली, ती प्रिंट काढून साइट ऑफिसमध्ये ठेवा. त्यात कामाच्या जागेचे भाग पाडलेत, आधी सूचना देणारा भाग, मग लेन हळूहळू बंद करत आणणारा तिरका भाग म्हणजे टेपर, मग प्रत्यक्ष काम, आणि मग पुन्हा रस्ता मोकळा करणारा शेवटचा भाग. कागदावर सगळ्यांना पाठ असतं, साइटवर मार खातो तो टेपर. साडेतीन मीटरची लेन ८० च्या स्पीडला बंद करायची तर मी दीडशे ते पावणेदोनशे मीटरचा टेपर धरतो, १०० ला दोनशेच्या पुढे. आपल्याकडे बहुतेक साइटवर तो वीस-तीस मीटरचा असतो कारण कोन कमी असतात आणि लावायला माणूस कमी असतो, म्हणजे ड्रायव्हरला एका सेकंदात आख्खी लेन बदलायला सांगितल्यासारखं होतं, शेजारी कंटेनर असेल तर तो जाणार कुठे, तुमच्या कोनांवरच येणार. तुमच्या साइटवर गाड्या आत येतायत ना, उद्या सकाळी पहिलं काम म्हणजे टेपर टेपने मोजा.

टेपर संपला की लगेच माणसं नकोत. मध्ये एक पट्टा पूर्ण रिकामा पाहिजे, आम्ही बफर म्हणतो, चुकून आत आलेल्या गाडीला थांबायला तेवढी जागा मिळते. हा रिकामा पट्टा टिकवणं सगळ्यात अवघड, कारण साइटवर रिकामी जागा कुणाला बघवत नाही, सुपरवायझर तिथे बाईक लावतो, साहेबांची बोलेरो तिथे उभी राहते, डबा खायला मुलं तिथेच रोलरच्या सावलीत बसतात. हे मात्र अजिबात चालवून घेऊ नका. साहेबांची गाडी असेल तर साहेबांना सांगा, हात जोडून सांगा पण सांगा.

बाजूचं अंतर पण तेवढंच महत्त्वाचं. पेव्हर म्हणजे डांबर अंथरणारं मशीन चालताना मधल्या जॉइंटवर, दोन लेनच्या डांबराच्या सांध्यावर, रेक म्हणजे दाताळं मारणारा माणूस कधी नीट बघा, त्याची एक टाच चालू लेनमध्ये असते, मान खाली, पाठ गाड्यांकडे, पेव्हरच्या आवाजात मागून येणारा ट्रक त्याला ऐकूच येत नाही. सगळ्या साइटवर सगळ्यात धोक्यात हाच माणूस असतो. जॉइंटचं काम चालू आहे तेवढ्या तुकड्यात कोन अर्धा मीटर चालू लेनच्या बाजूला सरकवा. गाड्यांना लेन अरुंद मिळेल, मिळू दे, अरुंद लेनमध्ये ड्रायव्हर आपोआप पाय काढतो, ४० चा बोर्ड बघून कुणी काढत नाही. फक्त ऊसाच्या सीझनमध्ये तुमच्या पट्ट्यात दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर येतात, मागची ट्रॉली डुलते आणि तीच कोन घासते, त्यासाठी रोज ट्रॅक्टर कोणत्या वेळेला जास्त येतात ते कारखान्याकडच्या मुकादमाला विचारून घ्या आणि जॉइंट त्या वेळेला घेऊ नका.

आता वजनाचं. कोन गाडीला दिशा दाखवतो, अडवत नाही. प्लास्टिकच्या लाल-पांढऱ्या बॅरिअरचं पण तेच, त्यात पाणी भरलेलं असेल तरच त्याचा काही उपयोग, आणि आपल्याकडे निम्मे रिकामे असतात, बूच गेलेलं, तळाला भोक, मग गाडी लागली की तेच उडून माणसावर येतात. चुना मारलेले दगड तर अजिबात ठेवू नका. टायर लागला की दगड गोळीसारखा सुटतो, आणि संध्याकाळी उचलायचे राहिले की रात्री टू-व्हीलरवाल्याचा जीव जातो. बरेच दिवस एकाच जागी काम असेल, पुलाचं, मोरीचं, तर काँक्रीटचे बॅरिअर लावा आणि एकमेकांना पिनने जोडा, सुटे ठेवलेत तर धक्क्याने सरकतात.

डांबरीकरणासारख्या सरकत्या कामाला काँक्रीट लावणं शक्य नाही, तिथे मागे एक जड गाडी उभी करायची. परदेशात यासाठी मागे धक्का झेलणारा ठोकळा बसवलेला खास ट्रक वापरतात, आपल्याकडे तो क्वचित दिसतो. नसेल तर भरलेला टिपर लावा, खडी किंवा मुरूम भरून, माणसांच्या मागे, बफर संपतो तिथे, हँडब्रेक ओढून, गिअरमध्ये, मागे ॲरो बोर्ड म्हणजे दिव्यांचा बाण दाखवणारा बोर्ड किंवा निदान मोठा ब्लिंकर लावून. उभ्या टिपरमध्ये कुणी बसायचं नाही, ड्रायव्हरने पण नाही. आणि टिपरच्या पुढे लगेच माणसं उभी करायची नाहीत, मागून कंटेनरने ठोकलं तर भरलेला टिपर पण पुढे ढकलला जातो, त्यामुळे पुढे निदान तीस-चाळीस मीटर मोकळे सोडा, उतार असेल तर जास्त. चाकं कशी ठेवायची हे सांगायला बरेच जण विसरतात, चालू लेनकडे वळवून ठेवली तर ठोकल्यावर टिपर ट्रॅफिकमध्ये घुसतो, म्हणून सरळ ठेवा.

कोन लावताना आणि उचलताना सगळ्यात जास्त जपा, कारण त्या वेळेला संरक्षण अर्धंच असतं आणि माणूस पूर्ण उघड्यावर. क्रम असा, सगळ्यात लांबचा बोर्ड आधी, मग ट्रॅफिकच्या दिशेने पुढे येत येत बाकीचे बोर्ड, मग टेपर, मग कामाच्या बाजूचे कोन. उचलताना बरोबर उलटं, कामाच्या शेवटापासून मागे मागे येत, पहिला बोर्ड सगळ्यात शेवटी. आपल्याकडे सहा वाजले की सगळ्यांना घरी जायची घाई, मग जो हाताला लागेल तो बोर्ड आधी उचलतात, आणि तो नेमका "काम चालू आहे" वाला असतो, कारण कॅम्पवरून येताना तोच वाटेत लागतो! कोन उचलणारा टेम्पो बंद लेनमधूनच जायचा, आणि त्याच्या मागे तो जड टिपर चालवायचा. टेम्पोच्या फळीवर लटकून कोन टाकणारी पोरं दिसली तर टेम्पो थांबवून खाली उतरवा.

अजून एक जे नवीन लोकांना माहीत नसतं. तुमचा पहिला बोर्ड एक किलोमीटर आधी आहे, ठीक, पण रविवारी संध्याकाळी पुण्याकडे परतणारी गर्दी लागली की रांग त्या बोर्डाच्या पण मागे जाते. मग मागून १०० ने येणाऱ्याला बोर्ड दिसायच्या आधी थांबलेल्या गाड्या दिसतात. रांगेच्या शेपटीवर एक माणूस गाडीसकट ठेवा, गाडी साइडपट्टीवर, ब्लिंकर चालू, रांग वाढली की तो मागे सरकणार. आणि शक्य असेल तर रविवार संध्याकाळ, सणाच्या आदल्या रात्री, लाँग वीकेंड या वेळांना लेन बंदच करू नका. मुंबई-गोवा हायवेवर गणपतीच्या तोंडावर खड्डे भरायची जी धावपळ असते, पावसात, रात्री, दोन्हीकडून चाकरमान्यांच्या गाड्या आणि मध्ये पाचसहा माणसं घमेली घेऊन, ते बघून मला आजही पोटात गोळा येतो. तारीख वर्षभर आधी माहीत असते, ते काम आधी उरकता येतं.

झेंडीवाल्याबद्दल. साइटवर सगळ्यात अशक्त, सगळ्यात म्हातारा किंवा कालच आलेला माणूस झेंडीला देतात, कारण फावडं त्याच्याकडून होत नाही. हे बरोबर उलटं पाहिजे, सगळ्यात चलाख माणूस तिथे. त्याने साइडपट्टीवर उभं राहायचं, लेनमध्ये नाही, पाठीमागे पळायला मोकळी जागा पाहिजे, रेलिंग किंवा खड्डा नको. दर तासा-दीड तासाने बदली, उन्हाळ्यात त्याच्या आधी. मोबाईल आणि कानात गाणी बंद. एकाच लेनमधून दोन्ही बाजूचं ट्रॅफिक सोडत असाल तर दोन झेंडीवाले आणि वॉकीटॉकी, आणि ते एकमेकांना दिसत नसतील तर शेवटच्या गाडीचा नंबर वॉकीटॉकीवर सांगायचा, ती गाडी समोरून बाहेर पडली की मगच दुसरी बाजू सोडायची. झेंडीपेक्षा दांड्याचा "थांबा / सावकाश" बोर्ड चांगला, वाऱ्याने गुंडाळला जात नाही आणि रात्री चमकतो.

आणि एक इशारा ठरवून ठेवा. शिट्टी पेव्हरच्या आवाजात ऐकू येत नाही, गॅसवाला एअर हॉर्न आणा, स्वस्त मिळतो. हॉर्न वाजला की कुठे पळायचं हे रोज सकाळी पाच मिनिटं उभं करून सांगा, सगळ्यांनी शेताच्या बाजूला, दुभाजकाकडे कुणीच नाही. हे त्यांच्या भाषेत सांगा. मेळघाटातले असतील तर कोरकूमध्ये, बंजारा तांड्यावरचे असतील तर गोरमाटीत, कलबुर्गीकडचे असतील तर कानडीत, बिहार-झारखंडचे असतील तर हिंदीत. त्यांच्यातला एकजण दुभाषी करा आणि त्यालाच परत म्हणून दाखवायला सांगा.

बाहेरच्या गाड्यांइतकीच भीती आतल्या गाड्यांची आहे. रिव्हर्स येणारा हायवा म्हणजे मोठा टिपर, मागे-पुढे होणारा रोलर, यांच्या मागे ड्रायव्हरला दिसत नाही असा मोठा पट्टा असतो आणि नेमकं तिथेच कुणीतरी खाली बसून टेप धरलेला असतो. रिव्हर्सला एकच माणूस इशारा देणार, तो ड्रायव्हरच्या आरशात दिसला पाहिजे, आरशातून गायब झाला की ड्रायव्हरने जागेवर थांबायचं. रिव्हर्स हॉर्नची वायर तोडलेली असते, कारण तो रात्रभर वाजतो आणि डोकं उठतं. दर सोमवारी सगळ्या टिपरचे हॉर्न स्वतः तपासा.

दुभाजकातली झाडं, पट्टे मारणं, खड्डे भरणं, झाडणं ही कामं "अर्ध्या तासाचं तर काम आहे" म्हणून कुठल्याच प्लॅनमध्ये बसवत नाहीत. पाण्याचा टँकर फास्ट लेनमध्ये चालतोय, मागे काहीच नाही, दोन बायका कण्हेरीला पाणी घालतायत, हे चित्र महाराष्ट्रातल्या कुठल्याही हायवेवर बघायला मिळेल. फास्ट लेनमध्ये हळू चालणारी गाडी म्हणजे ड्रायव्हरला शेवटपर्यंत कळत नाही की ती थांबलीय की चाललीय. टँकरमागे पन्नास ते शंभर मीटरवर ॲरो बोर्डवाली जड गाडी पाहिजेच, काम सकाळी दहा ते चार या उजेडात, आणि पाणी घालणाऱ्यांनी दुभाजकाच्या आत उभं राहून तोंड गाड्यांकडे ठेवायचं. खरं तर ठिबक टाकलं तर निम्म्या फेऱ्या वाचतात.

रात्रीच्या कामात टॉवर लाईट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात मारू नका. दिवा उंच, तोंड खाली. लावून झाला की स्वतः गाडीत बसून दोन्ही दिशांनी एकदा तिथून जा, तुम्हाला माणसं दिसली नाहीत तर कुणालाच दिसणार नाहीत. पहाटे तीन ते पाच ही वेळ टाळा, समृद्धीसारख्या सरळसोट रस्त्यावर तर नक्कीच. जॅकेटचं पण इथेच सांगतो. पिवळं-नारिंगी कापड दिवसा चमकतं आणि राखाडी पट्टी रात्री, हेडलाईट पडला तरच. डांबर, सिमेंट आणि साबण यांनी पट्टी मरते. रात्री जॅकेट शंभर मीटरवर टांगा, टॉर्च डोळ्याजवळ धरून त्यावर मारा, पट्टी पेटल्यासारखी दिसली नाही तर ते जॅकेट फेकून नवीन द्या.

पाणी, चहा, संडास हे सगळं कामाच्याच बाजूला पाहिजे. मजूर चालू लेन ओलांडतो तो या तीन कारणांनी, त्यात बायकांचे सगळ्यात जास्त हाल, अंधार असताना पलीकडच्या शेतात जावं लागतं. एक फिरता संडास आणि पाण्याचे चार जार एवढ्याने रस्ता ओलांडणं जवळपास बंद होतं. पोरांना साइटवर आणायची वेळ आली तर कॅम्पवर सांभाळायला पगार देऊन एक बाई ठेवा.

झोपण्याची जागा तर रस्त्यापासून लांबच पाहिजे. ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात वडनेर भोलजीजवळ हायवेच्या कामावर आलेल्या चिखलदऱ्याकडच्या मजुरांच्या झोपडीत पहाटे ट्रक घुसला, माणसं झोपेतच गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये जालना जिल्ह्यात जाफराबाद तालुक्यात पुलाच्या कामावर झोपलेल्या मजुरांच्या पत्र्याच्या शेडवर रात्री टिपरने वाळू ओतली, पाच जण गेले. दोन्हीकडे काम बंद होतं, झेंडी-कोनांचा काही संबंधच नव्हता. त्यामुळे कॅम्प हायवेच्या हद्दीबाहेर घ्या, आणि माल उतरवायची जागा कॅम्पपासून लांब.

तुम्ही म्हणाल पैसे कोण देणार. बऱ्याच टेंडरमध्ये सेफ्टीचा वेगळा आयटम नसतो, सगळं रेटमध्येच धरलेलं असतं, मग पेटी ठेकेदार म्हणजे मुख्य ठेकेदाराकडून काम घेणारा पोटठेकेदार पहिला हात तिथेच मारतो. तुमच्या हातात असेल तर पुढच्या कामाला दिवसाच्या हिशोबाने वेगळा आयटम मागा, मांडणी नसेल त्या दिवसाचं बिल नाही. वरिष्ठांना दोन गोष्टी दाखवा. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८अ आलं, रस्त्याच्या बांधकामाचे आणि देखभालीचे मानक न पाळल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर ठेकेदार आणि संबंधित अधिकारी-कन्सल्टंट यांना एक लाखापर्यंत दंड. आणि कर्मचारी नुकसानभरपाईचा नियम, आधी तो १९२३ च्या कायद्यात कलम १२ होता, नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली, पेटी ठेकेदाराचा मजूर असला तरी भरपाईची जबाबदारी मुख्य मालकापर्यंत येते. दुसरी गोष्ट ऐकून मालक लोक जास्त लवकर हलतात असा माझा अनुभव.

अपघात झालाच तर सगळ्यांनी धावत रस्त्यावर जायचं नाही, दुसरी गाडी तिथेच येते. आधी झेंडीवाल्याने मागचं ट्रॅफिक पूर्ण थांबवायचं, मग दोघांनीच आत जायचं. १०८, आणि राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३, हे नंबर पेव्हरवर आणि टिपरवर रंगवून घ्या, सोबत किलोमीटरचा दगड कुठला हे प्रत्येकाला सांगता आलं पाहिजे. २०२५ पासून केंद्राच्या योजनेत रस्ते अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे कॅशलेस उपचार आहेत, हॉस्पिटलने आधी पैसे मागितले तर हे सांगा.

शेवटी तुमच्या साइटवर लगेच करण्यासारखं. रोज सकाळी पडलेले आणि चिरडलेले कोन मोजा आणि कुठल्या जागचे ते वहीत लिहा, फोटोसकट. टेपरच्या सुरुवातीचे पडत असतील तर बोर्ड उशिरा दिसतोय किंवा टेपर आखूड आहे. कामाच्या बाजूचे पडत असतील तर लेन जास्तच अरुंद झालीय किंवा वळणावर ट्रकचा मागचा भाग कापतोय. शेवटच्या टोकाचे पडत असतील तर गावातले टू-व्हीलरवाले राँग साईडने बंद लेनमध्ये शिरतायत, ते टोक पण बंद करा आणि त्यांना साइडपट्टीवरून दोरी लावून वेगळी वाट द्या, नाहीतर ते कुठूनही येणारच. ही वही दोन आठवडे भरली की प्रोजेक्ट मॅनेजरला पत्र लिहा, त्यात टेपरला किती कोन कमी पडतात, भरलेला टिपर किती तासांसाठी पाहिजे आणि संडास कुठे ठेवायचा एवढंच मागा, सोबत कोनांचे फोटो जोडा, पोच घ्या आणि एक कॉपी स्वतःकडे ठेवा. आणि टेपर आखूड आहे हे मोजून कळल्यावर तो लांब होईपर्यंत त्या लेनमध्ये माणसं उतरवू नका, थांबवायचा अधिकार साइट इंजिनिअर म्हणून तुमच्याकडे आहे.